सोयाबीनचा हंगाम आणि मेलची रांग : लातूर कार्यालयाच्या प्रकल्प नोंदी

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

कामाला सुरुवात. तक्रार जुनीच आहे. शेतमाल घेणाऱ्या आमच्या संस्थेच्या लातूरच्या मुख्य कार्यालयातून कुणी फोटो जोडून मेल पाठवला की सगळ्यांचं नेट गपगार. बँकेचं पान उघडत नाही, हमीभाव खरेदीच्या पोर्टलवर ओटीपी टाकेपर्यंत त्याची मुदत संपते, आणि गेटवरच्या वजनकाट्याची पावती निघत नाही, कारण काट्याचं सॉफ्टवेअर ऑनलाइन आहे. काट्यावरचे मामा आज म्हणाले, "ताई, तुमचं मेल लागलं की आमचा काटा चालंना झालाय. ट्रॅक्टर तसंच उभं ऱ्हायलंय आन् शेतकरी मलाच बोलायलेत."

सध्या मूग-उडदाची आवक आहे म्हणून भागतंय. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन सुरू झालं की गेटपासून रस्त्यापर्यंत वाहनं लागतील. त्याआधी हे निस्तरायचं.

आपल्याकडे आहे ते असं: छतावरच्या डिशमधून शहरातल्या टॉवरला जोडलेली वायरलेस लाइन, डाउनलोड ४० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि अपलोड ५. लाइन गेली तर राउटरला लावलेलं ४जी डोंगल. मेलपेट्या बाहेरच्या एका मेलसेवेकडे, पत्ते आमच्याच डोमेनवर. औसा, रेणापूर आणि निलंगा इथली संकलन केंद्रं मोबाइलच्या नेटवर चालतात.

सरांचं मत, दुप्पट वेगाचा प्लॅन घेऊन टाकू. मी थोडं थांबायला सांगितलं. माझं म्हणणं असं की मेल वाट बघू शकतो, त्याची घडणच तशी आहे. काट्याची पावती वाट बघू शकत नाही. दोघांना एकाच दारातून सारख्याच मानाने सोडलं, तर वेग दुप्पट करूनही मेल तो भरून टाकणार. हे आधी आकड्यांत दाखवायचं, मग पैशाचं बोलायचं.

२१ सप्टेंबर, शनिवार

संध्याकाळी सगळे गेल्यावर मोजमाप घेतलं. लाइन मोकळी असताना बाहेरच्या सर्व्हरला पिंग, म्हणजे एक छोटा निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, २५ मिलिसेकंदांच्या आसपास. मग प्रत्येकी ५ एमबीचे चार फोटो जोडून एक मेल पाठवला. पिंग चढत चढत दीड सेकंदावर गेला आणि मेल जाईपर्यंत तिथेच राहिला. एकही पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, हरवलं नाही.

पॅकेट हरवलं नाही ही वरवर चांगली गोष्ट वाटते, पण दुखणं तिथेच आहे. टीसीपी, म्हणजे डेटा पॅकेटांत पाठवून त्याची पोच घेणारा नियम, आपला वेग कधी कमी करतो? मुख्यतः पॅकेट हरवल्याचं कळलं तर. वाटेतल्या उपकरणाने हरवू न देता सगळं पोटात साठवून घेतलं, तर पाठवणाऱ्या कॉम्प्युटरला कळतच नाही की पुढे कोंडी झाली आहे; तो ओततच राहतो. डिशच्या उपकरणात १ एमबीची, म्हणजे ८ मेगाबिटची, साठवण धरली, तर ५ एमबीपीएसने ती रिकामी व्हायला १.६ सेकंद लागतात. दीड सेकंदाचा पिंग त्या हिशेबात बसतो.

आणि या साठवणीत रांग एकच. काट्यावर दहा भरलेले ट्रॅक्टर उभे असताना मागून कुणी नुसती सातबाऱ्याची प्रत द्यायला आला आणि त्यालाही शेवटच्या ट्रॅक्टरमागे उभं केलं, तसं काट्याच्या पावतीचं होतं. पावतीची माहिती दोन-तीन केबी असेल नसेल. पण ती सर्व्हरपर्यंत जायच्या आधी डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीला, पत्ता विचारायचा, मग टीसीपीची ओळख, मग टीएलएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, बोलणी. प्रत्येक फेरीला दीड सेकंद. सहा-सात सेकंद नुसती तयारी, त्यानंतर कुठे पावती.

डाउनलोडही का थांबतं, हे अकाउंटच्या ताईंना समजावून सांगितलं. खाली येणाऱ्या प्रत्येक डेटाची पोच वर पाठवावी लागते. ती पोच याच वरच्या रांगेत अडकते. पोच मिळाली नाही की पलीकडचा सर्व्हर पुढचा डेटा सोडत नाही. म्हणून ४० एमबीपीएसची लाइन रिकामी पडलेली असते आणि तरी पान उघडत नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज फक्त मेलच्या वजनाकडे बघितलं. २० एमबीचे फोटो निघताना किती होतात? मोजलं तर २७ एमबीच्या वर.

हे बेस-६४ मुळे होतं. मेल वाहून नेणारा एसएमटीपी हा नियम १९८२ चा, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला, आणि तो साध्या इंग्रजी मजकुरासाठी, ७ बिटांच्या अक्षरांसाठी होता. फोटो, आवाज, देवनागरी यांची त्यात सोय नव्हती. १९९२ मध्ये नॅथानिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइमची पद्धत मांडली आणि जोडपत्रं शक्य झाली. पण वाहतुकीचा रस्ता जुनाच ठेवला, म्हणून फाइलच्या दर ३ बाइटची ४ साधी अक्षरं करून पाठवायची तोड काढली. हेच बेस-६४. एक-तृतीयांश वजन तिथेच वाढलं. शिवाय दर ७६ अक्षरांनंतर ओळ तोडायची, तिचे २ बाइट वेगळे. सगळं धरून साधारण ३७ टक्के जास्त.

म्हणजे आपले चार फोटो २१९ मेगाबिट होतात. ५ एमबीपीएसने ४४ सेकंद, तेही लाइन पूर्ण त्यालाच दिली तर.

आणखी एक, गोदामातून वारंवार येणारा प्रश्न: "मर्यादा १० एमबीची हाय म्हणतेत, माझी फाइल ८ ची हाय, तरी परत कशी आली?" मर्यादा बांधलेल्या मेलला लागते, मूळ फाइलला नाही. १० ची मर्यादा असेल तर मूळ फाइल सव्वासात एमबीच्या आत हवी. गोदामातल्या फळ्यावर लिहून ठेवलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

कालच्या ४४ सेकंदांचा हिशेब प्रत्यक्षाशी जुळत नव्हता. लाइन दीड मिनिट भरलेली दिसते. वायरशार्क, म्हणजे लाइनवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम, लावून बसले, आणि कारण समोर आलं.

मेल आधी ५८७ पोर्टवरून (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार) जातो. २७ एमबी वर चढतात. तो संपला की लगेच त्याच कॉम्प्युटरवरून ९९३ पोर्टवर, म्हणजे मेल साठवायच्या आयमॅप नियमावर, पुन्हा तेवढाच डेटा चढायला लागतो. ही "पाठवलेले" फोल्डरमध्ये ठेवायची प्रत! मेल पाठवणं आणि मेल साठवणं ही दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या नियमांनी चालतात. एसएमटीपीला फोल्डर माहीत नाही. म्हणून मेलचा प्रोग्राम तीच गोष्ट दुसऱ्यांदा वर नेऊन ठेवतो. पाठवणाऱ्याला पडद्यावर एकच पट्टी दिसते आणि तो समजतो मेल एकदाच गेला.

आमच्या मेलसेवेत पाठवलेल्या मेलची प्रत सर्व्हरवरच ठेवून घ्यायची सोय आहे. ती चालू केली, आणि कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामांमधलं "प्रत ठेवा" बंद केलं. एका खुणेने वर चढणारा बोजा अर्धा झाला. एवढं साधं असून हे आजवर कुणी बघितलं नव्हतं, कारण मेल "जातोय" ना, मग त्याच्या पोटात कोण शिरणार.

३० सप्टेंबर, सोमवार

आज हेडर, म्हणजे मेलच्या डोक्यावरच्या प्रवासाच्या नोंदी, वाचले. मेलचे हेडर हा मला या सगळ्या कामातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली "रिसीव्हड" ओळ वर चिकटवतो, त्यामुळे खालून वर वाचलं की प्रवास सलग दिसतो. वेळ बघताना शेवटचा आकडा बघायचा: आपल्याकडे +०५३०, आणि युटीसी या जागतिक वेळेवर चालणाऱ्या सर्व्हरवर +०००० असतो. ते न बघितल्यास मेल साडेपाच तास वाटेत पडून होता असं वाटतं.

गोदामातून अकाउंटला आलेला गेटपासचा मेल घेतला. गोदाम आणि अकाउंट यांच्यामध्ये एक भिंत आणि पाण्याचा माठ आहे. पण मेल छतावरच्या डिशमधून टॉवरवर, तिथून मेलसेवेच्या सर्व्हरवर गेला, आणि त्याच डिशमधून परत खाली आला. एका भिंतीपलीकडे जायला पूर्ण लाइन दोनदा वापरली. वर, अकाउंटची सामायिक पेटी सहा मशीनवर उघडी असते, आणि प्रत्येक मशीन आपली स्वतंत्र प्रत उतरवून घेतं. २७ एमबीचा मेल उतरताना १६० च्या पुढे जातो.

उपाय कार्यालयातली मशीनं आपसांत जोडणाऱ्या स्विचवरच. गेटपास आणि काट्याचे फोटो आता सामायिक फोल्डरमध्ये ठेवायचे, मेलमध्ये फक्त पावती क्रमांक. अकाउंटच्या ताईंना पुरावा म्हणून मेल हवाच होता. तो राहिला, पण दोन ओळींचा.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मुख्य काम. जुन्या राउटरच्या जागी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं एक सॉफ्टवेअर) चालणारा राउटर बसवला आणि त्यात रांगेची शिस्त लावली.

तत्त्व असं: लाइन ५ एमबीपीएसची असेल तर आपल्या राउटरने मुद्दाम ४.६ च सोडायचे. त्यामुळे डिशच्या उपकरणात साठवण होतच नाही. जी काही रांग लागेल ती आपल्या राउटरमध्ये लागते, आणि आपल्या राउटरला रांग हाताळता येते. तिथे एफक्यू-कोडेल हे रांग सांभाळणारं तंत्र लावलं. ते दोन कामं करतं. प्रत्येक संवादाला वेगळी रांग देऊन आळीपाळीने सोडतं, म्हणजे पावतीच्या दोन पॅकेटांना मेलच्या हजार पॅकेटांमागे थांबावं लागत नाही. आणि एखाद्या रांगेतली पॅकेटं फार वेळ पडून राहायला लागली, तर त्यातलं एखादं मुद्दाम टाकून देतं, म्हणजे पाठवणाऱ्याला कळतं की सावकाश घे.

पॅकेट मुद्दाम टाकायचं हे सरांना पटेना. त्यांना १९८६ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात बर्कलेची प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ यांच्यातली ३२ केबीपीएसची लाइन ४० बिट प्रति सेकंदावर आली होती. अंतर साधारण ४०० यार्ड. तार तुटली नव्हती, यंत्रं बिघडली नव्हती. सगळे एकाच वेळी पाठवत होते आणि पोच मिळाली नाही म्हणून तेच पुन्हा पाठवत होते. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर काम करून १९८८ मध्ये टीसीपीला कोंडी ओळखून मागे सरायला शिकवलं. त्याच जेकबसन यांनी कॅथलीन निकोल्स यांच्यासोबत २०१२ मध्ये कोडेल मांडलं. हरवलेलं पॅकेट ही टीसीपीला दिलेली खबर असते. ती वेळेवर मिळाली तरच तो शहाण्यासारखा वागतो.

मग तोच चार फोटोंचा मेल पुन्हा पाठवला. पिंग ४० मिलिसेकंदांच्या आत राहिला. मेलला थोडे सेकंद जास्त लागले. मामांना गेटवर फोन करून पावत्या काढायला सांगितल्या. "निघायलेत की, पटापट निघायलेत."

मोठ्या प्लॅनचा विषय सरांनी स्वतःहून बाजूला ठेवला.

७ ऑक्टोबर, सोमवार

आता मेलचं स्वतःचं थांबणं. जुना एक छोटा कॉम्प्युटर होता, त्यावर लिनक्स आणि पोस्टफिक्स बसवलं. पोस्टफिक्स हा वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला मेल सर्व्हर. मला आवडतो तो त्याच्या रांगेमुळे. कार्यालयातली सगळी मशीनं यापुढे बाहेर मेल पाठवणार नाहीत, ती या छोट्या कॉम्प्युटरला देतील; त्यालाच यापुढे पेटी म्हणते. पेटी आपल्या सवडीने मेलसेवेच्या सर्व्हरकडे, ५८७ वरून लॉगइन करून पाठवेल. स्वतः थेट २५ वरून जगभर पाठवायचं नाही: आपल्या आयपीला (नेटवरच्या आकडी पत्त्याला) उलट नोंद, म्हणजे त्या आकड्यावरून नाव सांगणारी डीएनएसची नोंद, नाही, आणि तशा पत्त्यावरून आलेला मेल मोठे सर्व्हर दारातच परत पाठवतात.

औसा केंद्रातला नवा मुलगा बघायला आला होता. त्याला हाताने संवाद करून दाखवला. आपण "ईएचएलओ" म्हणून नाव सांगायचं, सर्व्हर २५० म्हणतो आणि आपल्याला काय काय जमतं ते सांगतो. "मेल फ्रॉम" आणि पाठवणाऱ्याचा पत्ता: २५०. "आरसीपीटी टू" आणि घेणाऱ्याचा पत्ता: २५०. इथे पत्ता चुकीचा असेल तर ५५०, आणि गोष्ट तिथेच संपते. मग "डेटा": ३५४, म्हणजे सांग, ऐकतोय. मजकूर लिहायचा, आणि शेवटी एका ओळीत फक्त एक टिंब. त्या टिंबानंतर सर्व्हर क्षणभर गप्प होतो. पेटीवरचा डिस्कचा दिवा लुकलुकतो. मग येतो शेवटचा २५०.

मुलाने विचारलं, गप्प का झाला? कारण पोस्टफिक्स आधी मेल डिस्कवर नीट लिहितो आणि मगच होकार देतो. तो २५० म्हणजे जबाबदारी बदलली. त्याआधी मेल पाठवणाऱ्याचा होता, आता सर्व्हरचा. यापुढे सर्व्हरने तो पोहोचवायचा, नाहीतर का पोहोचला नाही ते पाठवणाऱ्याला कळवायचं. विसरून जायची मुभा नाही. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळीवर एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पहिला मेल पाठवला तेव्हापासून जाळी कितीतरी बदलली, पण आधी ठेवून घे आणि मग पुढे दे, ही रीत मेलमध्ये टिकून आहे. वीज जाणाऱ्या, लाइन तुटणाऱ्या गावांसाठी याहून चांगली रीत मला माहीत नाही. व्हिडिओ कॉल लाइन गेल्यावर मरतो. मेल थांबतो.

मशीनवाल्यांना झालेला फायदा लगेच दिसला. कार्यालयातल्या स्विचवरून पेटीपर्यंत २७ एमबी पोहोचायला क्षण लागतो, "पाठवला" असं दिसतं, माणूस पुढच्या कामाला लागतो. खरी वाहतूक मागे चालू राहते. एकाच सर्व्हरकडे पोस्टफिक्स एकावेळी २० जोडण्यांपर्यंत उघडू शकतो. मी २ वर आणून ठेवल्या.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे आवरण्यात. छोटं काम उरकलं: पेटी सोडून कुठल्याही मशीनवरून बाहेर जाणारा २५ पोर्ट राउटरवर बंद. एखाद्या मशीनमध्ये व्हायरस शिरला तर तो पहिल्यांदा मेलच पाठवायला लागतो. मे २००० मधल्या आयलव्हयू किड्याने पत्त्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला स्वतःची प्रत पाठवली, आणि त्या मेलच्या पुराने मोठमोठ्या संस्थांना आपले मेल सर्व्हर बंद करून ठेवावे लागले. आपल्या २५ मशीनच्या कार्यालयाला ५ एमबीपीएस भरायला तेवढ्याचीही गरज नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आवक जोरात. सोलापूरच्या एका खरेदीदाराची तक्रार: नमुन्याच्या अहवालाचे मेल त्यांच्याकडे स्पॅममध्ये पडतात.

डीएनएस तपासलं. एसपीएफची नोंद, म्हणजे आमच्या डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ती यादी, जुन्या होस्टिंगची होती, आताच्या मेलसेवेचं नाव त्यात नव्हतं. नोंद दुरुस्त केली, मेलसेवेची डीकेआयएमची (मेलवरची सही तपासायची) चावी डीएनएसमध्ये घातली, डीमार्कची, म्हणजे या तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी, नोंद आधी फक्त अहवाल मागवणारी ठेवली. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी याबाबतीत हात आवळला आहे, त्यामुळे हे आता टाळून चालत नाही. ज्यांनी ज्यांनी आपल्या संस्थेच्या डोमेनवरून मेल चालू केला आणि होस्टिंग बदललं, त्यांनी ही एक नोंद आजच उघडून बघावी.

२३ ऑक्टोबर, बुधवार

परतीचा पाऊस. दुपारी तीनच्या सुमारास विजा, वारा, आणि टॉवरची वीज गेली. लाइन बंद. राउटरने डोंगल धरलं. काट्याच्या पावत्या ४जी वरून निघत राहिल्या. ताडपत्र्या टाकून उभी असलेली वाहनं तरी मोकळी झाली.

मेलचं काय करायचं हे आधी ठरवून ठेवलं होतं. डोंगलला डेटाची मर्यादा आहे. म्हणून पोस्टफिक्सला एक छोटी स्क्रिप्ट जोडली आहे: मेल पूर्ण आला की ती त्याचा आकार बघते, आणि लाइन डोंगलवर असेल व मेल २ एमबीच्या वर असेल तर "होल्ड" म्हणते. मेल स्वीकारला जातो, डिस्कवर राहतो, पण हलत नाही. लहान मेल डोंगलवरून जातात. लाइन परत आली की होल्ड उठतो.

४जी सुद्धा संध्याकाळी लटपटायला लागलं. तेव्हा रांग नीट बघायला मिळाली. पोस्टफिक्स मेल पाठवायचा प्रयत्न करतो, जोडणी होत नाही, तो मेल "डिफर्ड" रांगेत टाकतो. ५ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न, मग अंतर वाढवत वाढवत ४००० सेकंदांपर्यंत, म्हणजे तासापेक्षा थोडं जास्त. हे सगळं ५ दिवस चालतं, त्यानंतर तो हार मानून पाठवणाऱ्याला परत करतो. पलीकडचा सर्व्हर ४ ने सुरू होणारा आकडा देतो तेव्हाही असंच: ४५० किंवा ४२१ म्हणजे आता नाही, नंतर ये. ५ ने सुरू झाला तर कायमचा नकार, थांबण्यात अर्थ नाही.

रात्री लाइन आली. रांगेतले सगळे मेल निघाले, एकही हरवला नाही, आणि ते निघत असतानाही पिंग जागेवर होता.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. सोलापूरच्याच खरेदीदाराचा सौदा चारपर्यंतचा होता. नमुन्याचे फोटो मोठे, म्हणून होल्डवर. त्यांना मेल रात्री मिळाला आणि त्या मालाचा दर गेला. पाठवणाऱ्या मुलीच्या पडद्यावर तर "पाठवला" असंच होतं. मेल थांबू शकतो हे बळ आहेच, पण थांबलाय हे माणसाला कळायला हवं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

कालच्यावर उपाय. पोस्टफिक्समध्ये मेल अडकल्याचा इशारा पाठवायची सोय आहे, मूळ मांडणीत ती बंद असते. पण आमच्या मेलपेट्या बाहेर आहेत. इशाऱ्याचा मेलसुद्धा त्याच बंद लाइनवरून जायला बघणार आणि त्याच रांगेत बसणार. त्यामुळे तो इथे कामाचा नाही.

त्याऐवजी पेटीवरच एक साधं पान केलं, कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कवरच उघडणारं. रांगेत किती मेल आहेत, सर्वांत जुना कधीचा, लाइन कोणती चालू आहे. अकाउंटजवळच्या जुन्या टीव्हीवर ते कायम लावून ठेवलं. रांग वाढली की आकडा लाल होतो.

आणि सगळ्यांना सांगितलं: सौद्याची वेळ असेल तर आधी फोन करा, मेल नोंदीसाठी पाठवा. मेलमधली सर्वांत खालची, म्हणजे पहिली, "रिसीव्हड" ओळ आपण तो पेटीत कधी टाकला ते सांगते. खरेदीदाराला ती दाखवली तेव्हा उशीर मालात नव्हता, लाइनमध्ये होता, हे त्यांनी मान्य केलं. दर परत आला नाही, पण संबंध टिकला.

२८ ऑक्टोबर, सोमवार

वसुबारस. निम्मे लोक सुट्टीवर. रांग शून्य.

६ नोव्हेंबर, बुधवार

औशाला जाऊन आले. केंद्रांवर मोबाइलचं नेट. तिथे राउटरची शिस्त लावून भागत नाही, टॉवरवरचाच वेग खालीवर होतो. तिथे बोजा मुळात कमी करायला हवा.

फोनमधून फोटो जसाच्या तसा जातो, ५-६ एमबीचा. लांब बाजू १६०० पिक्सेल केली तर तोच ३०० ते ४०० केबीत बसतो. केंद्रावरचे काका तयार होईनात. त्यांचं म्हणणं रास्त होतं: "मातेरं दिसलं पायजे, डागी दाणा दिसला पायजे. बारीक फोटूत काय दिसणार? मग तिकडून म्हणतेत माल खराब हाय." म्हणून दोघांनी मिळून करून बघितलं. पूर्ण ढिगाचा लांबून काढलेला ६ एमबीचा फोटो एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ट्रेमध्ये मूठभर दाणे पसरून, जवळून, उन्हात काढलेला आणि लहान केलेला फोटो. दुसऱ्यात किडका दाणा, काडी, खडा वेगवेगळा ओळखू येतो. पहिल्यात नुसता पिवळा ढीग. काकांनी स्वतः ट्रेला कागद चिकटवून घेतला, पांढरा, म्हणजे दाणा उठून दिसतो.

त्यांच्या फोनवर पाठवतानाच आकार लहान करायची मांडणी करून दिली. तीन फोटोंचा मेल आता दीड एमबीच्या आत येतो. होल्डची वेळही येत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा यंदा १२ वरून १५ टक्के केली. ४,८९२ रुपयांच्या भावासाठी परत नेलेला माल पुन्हा यायला लागला, आणि त्यासोबत ओलाव्याचे अहवालही. दिवसभर गेटवर वाहनं, केंद्रांवरून मेलचा ओघ. टीव्हीवरचा आकडा दुपारी चढला आणि आपोआप उतरला. काटा एकदाही थांबला नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "मेल येतंय का जातंय, मला आता काय कळतच न्हाई."

२ डिसेंबर, सोमवार

काम कार्यालयाच्या मुलांच्या हाती दिलं. पेटीचे पासवर्ड, राउटरच्या मांडणीची प्रत, डीएनएसच्या नोंदी कपाटातल्या फाइलमध्ये ठेवल्या. मांडणीत एक आकडा वेळोवेळी बघावा लागेल: राउटरवरचा ४.६. लाइनचा खरा वेग घसरला आणि हा आकडा तसाच राहिला, तर रांग पुन्हा डिशमध्ये जाऊन बसेल. महिन्यातून एकदा रिकाम्या वेळी वेग मोजून तो खालीवर करायचा.

उरलेली कामं: निलंगा केंद्रावर अशीच एक छोटी पेटी, कारण तिथे वीज जास्त जाते. आणि इथल्या पेटीला स्वतंत्र यूपीएस. रांग डिस्कवर असते म्हणून वीज गेली तरी मेल हरवत नाही, पण पेटी बंद असताना नवा मेल कोण घेणार? मोठ्या प्लॅनसाठी सरांनी बाजूला ठेवलेल्या पैशातून बॅटरीची मागणी आज नोंदवली. तुरीची आवक सुरू व्हायच्या आत ती बसायला हवी.